'क्लायमेट फायनान्स'ला 'मदत' म्हणायचं का? (शब्दचर्चा)

मूळ प्रश्न

एक भाषांतर करतोय, हवामानबदलासाठी श्रीमंत देशांनी बाकीच्यांना पैसे द्यायचे त्याची न्याय्य व्यवस्था कशी असावी याबद्दलचं, आणि पहिल्याच ओळीत गाडी अडलीये. 'क्लायमेट फायनान्स'. मी आपला सरळ 'हवामान मदतनिधी' लिहून मोकळा झालो होतो, वाचायला बरं वाटत होतं, पण मुद्रितं तपासणाऱ्या ताईंनी 'मदत'भोवती लाल गोल करून बाजूला एवढंच लिहिलं, "कोणी, कोणाला?" दोन दिवस झाले, ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीयेत. मदत नाही तर मग काय? आत्तापर्यंत सुचलेले: हवामान निधी, हवामान वित्त, वित्तपुरवठा, अर्थसाहाय्य, भरपाई, देणं. शिवाय पुढे त्याच मजकुरात 'लॉस अँड डॅमेज' आहे, 'कॉमन बट डिफरन्शिएटेड रिस्पॉन्सिबिलिटीज' आहे, 'मोबिलाइज' आहे, सगळी जत्रा आहे. एकेकावर बोला. घडवलेले संस्कृत शब्द चालतील पण वाचणाऱ्याला धाप लागू नये.

प्रतिसाद १

'निधी' आधी बाजूला काढा. निधी म्हणजे साठा, ठेवा, म्हणून तर समुद्राला जलनिधी म्हणतात. पैसा एका ठिकाणी जमा होऊन तिथून वाटला जात असेल तर निधी. ग्रीन क्लायमेट फंड (विकसनशील देशांना हवामानाच्या कामांसाठी पैसे देणारा) हा निधी आहे, २०१० साली मेक्सिकोत कानकूनच्या हवामान परिषदेत ठरला, कचेरी दक्षिण कोरियात सोंगडोला, संचालक मंडळ २४ जणांचं, १२ विकसित देशांचे आणि १२ विकसनशील देशांचे. अ‍ॅडॅप्टेशन फंड (बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठीचा) हाही निधी. पण 'फायनान्स' म्हणतात तो वाहता पैसा, आणि त्यातला बराचसा या कुठल्याच पेटीत पडत नाही, एक देश दुसऱ्याला परस्पर देतो, वर्ल्ड बँकेसारख्या बँका कर्ज देतात, कुठे हमी असते, कुठे खाजगी गुंतवणूकही त्यात धरतात. हे सगळं 'निधी' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं कुठेतरी मोठी तिजोरी आहे आणि किल्ली कोणाकडे एवढाच वाद आहे. म्हणून माझं मत 'हवामान वित्तपुरवठा'. रुक्ष आहे, मान्य, पण खोटा नाही.

प्रतिसाद २

जलवायू वित्त!

प्रतिसाद ३

जलवायू हिंदीतून आलाय, आपल्याकडे हवामान. (हवामान हा शब्द वेदर आणि क्लायमेट दोन्हीसाठी वापरून आपणच घोळ घातलाय ते वेगळं, त्यावर स्वतंत्र धागा काढा.)

प्रतिसाद ४

'मदत'बद्दल. ताईंचा प्रश्न बरोबर आहे, मी तो वेगळ्या प्रकारे विचारते. एखादा शब्द दानाचा आहे की हक्काचा हे बघायचं असेल तर त्याच्यापुढे 'बुडवणे' लावून बघा. कर्ज बुडवलं, भाडं बुडवलं, पगार बुडवला, कर बुडवला, देणं बुडवलं. सगळी नीट मराठी वाक्यं आहेत. आता म्हणून बघा, 'त्याने मदत बुडवली'. जीभ अडते ना? कारण मदत बुडवताच येत नाही. नाही केली तर फार तर माणूस कंजूष म्हणायचा, लबाड नाही.

आता प्रत्यक्ष करार बघा. १९९२ च्या हवामानबदलाच्या मूळ करारातच, कलम ४ मध्ये, त्या वेळच्या श्रीमंत देशांची यादी जोडून असं घातलंय की त्यांनी विकसनशील देशांना 'नवीन आणि अतिरिक्त' पैसा पुरवायचा आहे. इच्छा असेल तर द्या असं नाही, पुरवायचा. २०१५ च्या पॅरिस कराराच्या कलम ९ मध्येही तेच बंधन पुन्हा आलंय, बाकीच्या देशांना मात्र 'स्वेच्छेने द्या' असं नुसतं उत्तेजन आहे. म्हणजे हे बुडवता येण्याजोगं आहे. आणि बुडवलंही गेलंय. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत कबूल केलं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलरपर्यंत जाऊ. ओईसीडीच्या, म्हणजे श्रीमंत देशांच्या स्वतःच्याच संघटनेच्या हिशोबाने २०२० ला आकडा भरला ८३.३ अब्ज. १०० च्या वर गेला तो २०२२ ला, ११५.९. दोन वर्षं उशीर. याला मराठीत 'मदतीला उशीर झाला' म्हणायचं की 'थकबाकी राहिली' म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

आणि 'नवीन आणि अतिरिक्त' याला 'जादा' हा साधा शब्द वापरा. आधीच्याच विकासमदतीवर हवामानाचं लेबल चिकटवून तेच पैसे पुन्हा मोजले तर ते जादा नव्हेत, याची टोपी त्याच्या डोक्यावर झालं.

प्रतिसाद ५

४ नंबरच्या ताई, बुडवण्याची कसोटी झकास, पण मला 'देणं' चालत नाही. भाषांतरकाराने बाजू घ्यायची का? मूळ इंग्रजीत फायनान्स आहे, डेट नाही. देणं म्हटलं की रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, देणारा कबूल. इथे यातलं किती आहे? त्या देशांनी जबाबदारी मान्य केली ती पुरवण्याची, दोषाची नाही. मूळ लेखकाने जे म्हटलं नाही ते आपण त्याच्या तोंडी घालायचं नाही, मग ते आपल्याला कितीही पटलेलं असो.

प्रतिसाद ६

देणेकरी म्हणजे ज्याने द्यायचं तो का ज्याला द्यायचं तो, माझा अजून गोंधळ होतो. शाळेत धनको (कर्ज देणारा) आणि ऋणको (घेणारा) शिकवलेले ते बरे होते.

प्रतिसाद ७

ऋणको काढलाच आहे तर गंमत बघा. या सगळ्या व्यवहारात सरकारी पैसा जो जातो त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग कर्जरूपाने जातो, अनुदान कमी. म्हणजे ज्या देशाने जगाच्या धुरात जेमतेम भर घातली, ज्याचं उलट जगाकडून येणं आहे असं आपण म्हणतोय, तोच वहीत ऋणको म्हणून लागतो. आणि धनको कोण, तर ज्याच्याकडे बाकी निघते तो. देणं आणि येणं ही जोडी मराठीत फार स्वच्छ आहे, वहीची दोन पानं, आणि इथे पानंच उलटी लागलीत.

आणि मोजणीत काय होतं बघा. समजा १०० चं कर्ज दिलं, व्याज बाजारापेक्षा कमी, मुदत लांब. त्या सवलतीची किंमत काढली तर समजा ३० निघते, म्हणजे ३० दान आणि ७० परत यायचे. आता १०० अब्जाच्या हिशोबात काय धरतात? पूर्ण १००. त्या ३० ला इंग्रजीत 'ग्रँट इक्विव्हॅलंट' म्हणतात, मराठीत काय करायचं हा प्रश्न मूळ लेखकाला पुढे येणारच आहे. 'अनुदान-समतुल्य' वाचून कोणाला काही कळणार नाही. मी 'कर्जातला दानाचा अंश' असं करीन. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने याच पद्धतीने, शिवाय हवामानाच्या नावावर फुगवून धरलेला भाग वजा करून, २०२० चे ८३ अब्ज सोलून बघितले तर हातात २१ ते २४.५ अब्ज राहिले.

प्रतिसाद ८

'मोबिलाइज'साठी एकच सांगतो, 'देणे' लिहू नका. कोपनहेगनच्या वाक्यात 'देऊ' नाहीच आहे, 'मिळून उभे करू' आहे. उभे करू म्हणजे माझ्या खिशातले, तुझ्या खिशातले, बँकेचे, खाजगी कंपनीचे, सगळे. बातम्यांत सर्रास 'श्रीमंत देश १०० अब्ज देणार' छापून आलं आणि मग लोकांना वाटलं दिले की. 'उभारणे' हा शब्द त्यातला चलाखपणा तसाच ठेवतो, तो ठेवाच.

प्रतिसाद ९

आता 'लॉस अँड डॅमेज', कारण यात सगळ्यात जास्त चुका होतात.

सगळीकडे 'नुकसानभरपाई निधी' छापलं जातं. हे नुसतं ढोबळ नाही, चूक आहे, म्हणजे अर्थाच्या बरोब्बर विरुद्ध आहे. पॅरिसमध्ये हा विषय करारात (कलम ८) घ्यायला काही श्रीमंत देश तयार झाले ते एका अटीवर, सोबतच्या निर्णयात परिच्छेद ५१ घातला गेला की या कलमातून कुठलंही दायित्व किंवा भरपाई निघत नाही. लिहून घेतलं. मग २०२२ ला इजिप्तमध्ये शर्म-अल-शेखच्या परिषदेत वेगळा फंड करायचं ठरलं, २०२३ ला दुबईच्या परिषदेत पहिल्याच दिवशी तो सुरू झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याचं इंग्रजी नाव बघा, 'फंड फॉर रिस्पॉन्डिंग टू लॉस अँड डॅमेज'. रिस्पॉन्डिंग! भरपाई नको, म्हणून प्रतिसाद. इतकं जपून ठेवलेलं नाव आणि आपण त्याला बिनधास्त नुकसानभरपाई म्हणतो. मराठीत तर हा शब्द एवढा चिकटलाय की 'नुकसान' म्हटलं की 'भरपाई' आपोआपच येते, जोडशब्दच आहे तो. मनात भरपाई असू दे, माझ्याही आहे, पण फंडाच्या नावात घालू नका.

आपल्या सरकारी मराठीत याच्यासाठी एक शब्द पडलाय बघा, 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रह करून, कृपा म्हणून, आमची चूक होती असं काही न म्हणता दिलेले पैसे. श्रीमंत देशांना नेमकं हेच द्यायचं होतं. भाषांतरात वापरू नका, खवचट वाटेल, पण समजून घ्यायला याच्यासारखा दुसरा शब्द नाही.

आता लॉस आणि डॅमेज दोन वेगळे का? वाटाघाटीत बरेच जण असा फरक करतात की लॉस म्हणजे गेलं ते गेलं, माणसं, बुडालेली जमीन, गेलेली बोली, आणि डॅमेज म्हणजे दुरुस्त होण्यासारखं, रस्ता, पूल, घर. मराठीत हा फरक आपसूक आहे! जीवितहानी म्हणतो, जीवितनुकसान कोणी म्हणत नाही. पिकाचं नुकसान होतं, छपराचं नुकसान होतं. अब्रूची हानी. म्हणजे हानी = लॉस, नुकसान = डॅमेज, 'हानी आणि नुकसान', झालं काम.

प्रतिसाद १०

थांबा थांबा, एवढं सोपं नाही. आपत्तीनंतर जे अधिकृत मोजमाप करतात त्यात हे दोन शब्द भलत्याच अर्थाने येतात. पाकिस्तानचा २०२२ चा पूर घ्या. त्या अहवालात डॅमेज १४.९ अब्ज डॉलर आणि लॉस १५.२ अब्ज डॉलर असे दोन आकडे वेगवेगळे दिलेत. तिथे डॅमेज म्हणजे मोडलेली मालमत्ता, घरं, रस्ते, कालवे. आणि लॉस म्हणजे त्यामुळे बुडालेलं उत्पन्न, न आलेलं पीक, बंद पडलेला धंदा. यात 'गेलं ते गेलं'चा काही संबंध नाही. तिथे तुम्ही लॉसला 'हानी' केलंत तर वाचणारा समजेल १५.२ अब्ज डॉलरची माणसं गेली. तिथे डॅमेज = मोडतोड किंवा मालमत्तेचं नुकसान आणि लॉस = बुडीत उत्पन्न. एकच जोडी, दोन टेबलांवर दोन अर्थ, मूळ मजकूर कुठल्या टेबलावरचा आहे ते आधी बघा.

प्रतिसाद ११

आणि त्या पुरानंतर जानेवारी २०२३ ला जिनिव्हात ९ अब्ज डॉलरच्या वर रक्कम जाहीर झाली, टाळ्या वाजल्या, पण त्यातला मोठा भाग कर्ज होता. 'मदत जाहीर' असा मथळा होता मी वाचला तिथे.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

'समान' या शब्दावर कोणीच बोललं नाही अजून. 'कॉमन बट डिफरन्शिएटेड रिस्पॉन्सिबिलिटीज'चं 'समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या' असं सगळीकडे असतं, आणि मला ते वाचून दर वेळी चिडायला होतं. कॉमन म्हणजे इक्वल नव्हे हो. दोन घरांमधली भिंत सामाईक असते, समान नसते. विहीर सामाईक असते. सामाईक म्हणजे दोघांची मिळून, वाटा कोणाचा किती ते पुढे ठरेल. समान म्हणजे सारखी. 'समान पण वेगवेगळी' हे वाक्य तर स्वतःच्याच पायात पाय घालून पडतं. 'सामाईक जबाबदारी, पण वाटा ज्याचा त्याचा' असं करा. मूळ करारात याच्या पुढे 'आणि आपापल्या कुवतीप्रमाणे' असंही आहे, तेही बरेच जण गाळतात.

याच न्यायाने 'फेअर'ला 'समान' करू नका, 'समन्यायी' करा. पाणीवाटपाच्या चर्चेत हा शब्द रुळलेला आहे, सगळ्यांना सारखं नव्हे तर सगळ्यांना न्यायाचं. 'रास्त'ही छान आहे, पण रास्त म्हटलं की भाव आठवतो.

प्रतिसाद ५ (पुन्हा)

सामाईक बद्दल शंभर टक्के सहमत. आमचं ४ नंबरच्या ताईंशी एकदा तरी जमलं.

क्रियापदाचंही बघा. करारात 'शॅल' आणि 'शुड' यात जीव जातो. पॅरिसमध्ये शेवटच्या दिवशी कलम ४ मध्ये श्रीमंत देशांच्या उत्सर्जन कपातीच्या वाक्यात शुडच्या जागी शॅल पडलं होतं, अमेरिकेने हरकत घेतली कारण मग ते बंधन ठरून प्रकरण मंजुरीसाठी त्यांच्या सिनेटकडे जाणार, आणि शेवटी टंकनदोष म्हणून व्यासपीठावरून दुरुस्त करून शुड केलं. एका शब्दासाठी अख्खा सभागृह ताटकळला. आता मराठीत 'देश कपात करतील' असं साधं भविष्यकाळी वाक्य लिहिलंत तर ते ज्योतिष वाटतं, बंधन वाटत नाही. शॅल = 'करणे बंधनकारक राहील', शुड = 'करावे', आणि मध्ये जे 'करायला हवे' आपण बोलताना घुसडतो ते करारात कुठेच घालू नका.

प्रतिसाद १२

आकड्यांचं कोण बोलणार? ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी, म्हणजेच १००० अब्ज. २०२४ ला अझरबैजानमध्ये बाकूच्या हवामान परिषदेत ठरलं, २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर, 'विकसित देशांच्या पुढाकाराने' (पुढाकार, बरं का, खिसा नव्हे). मागणी होती १.३ ट्रिलियनची, ती ठरावात आली पण 'सगळ्यांनी मिळून प्रयत्न करावेत' अशा आवाहनात. बातमीत '३०० अब्ज' आणि '१.३ लाख कोटी' असं शेजारी शेजारी छापतात, सामान्य माणसाला वाटतं ३०० हा मोठा आकडा आणि १.३ छोटा. एकाच मापात लिहा, ३०० अब्ज आणि १३०० अब्ज, की दिसतं. भारताच्या प्रतिनिधीने तिथे उठून या ठरावाला दृष्टिभ्रम म्हटलं होतं, भाषांतरातही तो भ्रम वाढवायला नको.

प्रतिसाद ७ (पुन्हा)

एक शब्द माझ्याकडून, बघा पटतो का. वर्गणी आणि पट्टी. दोन्ही म्हणजे सगळ्यांनी थोडं थोडं काढून जमवलेले पैसे, पण वर्गणी मनाने द्यायची, 'यथाशक्ती', आणि पट्टी बसवलेली असते. घरपट्टी, पाणीपट्टी. किती ते घराच्या मापावरून ठरतं, मालकाच्या मूडवरून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नेहमीच्या खर्चासाठी देशांवर पट्टी आहे, ऐपतीप्रमाणे टक्के ठरलेत. हवामानाचा मात्र जवळजवळ सगळा कारभार वर्गणीवर चालतो. पावती फाडताना फोटो, भरताना विसर. अमेरिकेने २०१४ ला ग्रीन क्लायमेट फंडाला ३ अब्ज डॉलर कबूल केले होते, जानेवारी २०१७ पर्यंत १ अब्ज भरले, मग अध्यक्ष बदलले आणि बाकीचे थांबले. वर्गणीला विचारणार कोण?

आणि पट्टीची कल्पना नवी नाहीये. १९९१ ला, करार व्हायच्या आधी, वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाने छोट्या बेटांच्या वतीने प्रस्ताव ठेवला होता की समुद्र वर येऊन बुडणाऱ्यांसाठी विम्यासारखा एक साठा करा आणि औद्योगिक देशांचा हिस्सा त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नावरून आणि कार्बन उत्सर्जनावरून ठरवा. म्हणजे ऐपत आणि धूर, दोन्ही मापं लावून पट्टी. ते मान्य झालं नाही. पुढे अ‍ॅडॅप्टेशन फंडात थोडी झलक दिसली, क्योटो कराराच्या व्यवस्थेतून निघणाऱ्या कार्बन क्रेडिटमधले (धूर कमी केल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) २ टक्के आपोआप त्यात जायचे, कोणापुढे हात पसरायला नको. पण क्रेडिटचा भाव कोसळल्यावर तोही झरा आटला. तर भाषांतरात 'व्हॉलंटरी काँट्रिब्युशन'ला वर्गणी आणि 'असेस्ड'ला पट्टी लिहिलं तर मला वाटतं न्याय्य म्हणजे काय यावरचं अर्धं भांडण दोन शब्दांत कळेल. 'ऐच्छिक अंशदान' आणि 'निर्धारित अंशदान' लिहून कोणाला काय कळणार.

प्रतिसाद ५ (पुन्हा)

पट्टी पटली. लिहायला जरा घरगुती वाटेल पण पटली.

प्रतिसाद १३

घाईत आहे, एकच. 'डेट पॉज' आला तर 'कर्जमाफी' करू नका, माझ्या हातून झालंय म्हणून सांगते. २०२४ ला बेरिल वादळाने ग्रेनाडाला झोडपलं, त्यांच्या कर्जरोख्यांत आधीच वादळाचं कलम होतं, ते वापरून त्यांनी हप्ते पुढे ढकलले. ढकलले, माफ नाही झाले. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मोटली अशी कलमं सगळ्या कर्जांत घाला म्हणून मागे लागल्यात. 'हप्तेस्थगिती' बरा आहे.

मूळ लेखक

सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. काय ठरवलं ते सांगतो. सगळ्याला मिळून 'हवामान वित्तपुरवठा', फंडाला 'निधी', आणि 'मदत' फक्त तिथे जिथे मूळ लेखकाने स्वतः एड म्हटलंय. 'देणं' शीर्षकात नाही, पण मूळ मजकुरात एका बेटावरच्या बाई बोलतात, आम्ही भीक मागत नाही आहोत, तिथे त्यांच्या तोंडी 'आमचं येणं आहे' असं केलंय, बोलणारीची बाजू बोलणारीच्या तोंडी, ५ नंबरवाल्यांनाही चालावं. सामाईक घेतला. वर्गणी-पट्टी घेतला, संपादक काय म्हणतात बघू. हानी आणि नुकसान निधीच्या नावात, पाकिस्तानच्या परिच्छेदात मोडतोड आणि बुडीत उत्पन्न.

एकच अडलंय. जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जो सल्लागार अभिप्राय दिला (मागणी पुन्हा वानुआतूचीच, किती चिवट लोक आहेत) त्यात म्हटलंय की हवामानाबाबतची कर्तव्यं मोडली आणि त्याचा नुकसानाशी पुरेसा थेट संबंध दाखवता आला, तर तीन गोष्टी लागू होऊ शकतात. पहिली पूर्ववत करून देणे, ठीक. दुसरी कॉम्पेन्सेशन, इथे मात्र बिनधास्त 'भरपाई' लिहिता येतं, परिच्छेद ५१ पॅरिसचा, हे कोर्ट. तिसरी 'सॅटिस्फॅक्शन'. कायद्यात याचा अर्थ चूक झाली हे उघडपणे कबूल करणं, माफी वगैरे. 'समाधान' लिहिलं तर वाटतं कोणीतरी पोटभर खुश झालं. 'दिलगिरी' फार हलकं, 'क्षमायाचना' फार नाटकी, 'कबुलीजबाब' पोलिसांचा. तेवढी जागा कोरी ठेवलीये, फाईल गुरुवारी द्यायची आहे, सुचलं तर टाका.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

'चुकीची जाहीर कबुली'. तीन शब्द झाले, पण घ्या.